सगळं हिरवं आहे, सर!

हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी आयटी कंपनीत नेटवर्क ऑपरेशन सेंटर असतं आणि त्याला सगळे 'नॉक' म्हणतात. तिथं एक भिंत असते, आणि भिंतीवर आठ-दहा मोठे स्क्रीन. एकावर जगाचा नकाशा आणि त्यात व्हर्जिनिया, फ्रँकफर्ट, मुंबई, सिंगापूर असे लुकलुकणारे ठिपके. दुसऱ्यावर आलेख. तिसऱ्यावर हिरव्या चौकोनांच्या रांगाच रांगा. ही भिंत मुख्यतः क्लायंटला दाखवण्यासाठी असते. क्लायंट आला की त्याला लिफ्टमधून थेट इथं आणतात, दिवे जरा मंद करतात आणि व्हाइस प्रेसिडेंट दोन्ही हात पसरून 'ट्वेंटी फोर बाय सेव्हन' असं काहीतरी म्हणतात. भिंतीकडे पाठ करून बसलेली मुलं त्या वेळी खुर्च्या वळवून स्क्रीनकडे गंभीरपणे बघतात. एरवी ती तिकडे ढुंकून बघत नाहीत. काही बिघडलं तर ते भिंतीवर सगळ्यात शेवटी दिसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सगळ्यात आधी कळतं ते गिऱ्हाइकाला. नागपूरचा एखादा डीलर इन्व्हॉइस काढायला बसलेला असतो, त्याच्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहतं, तो सेल्सवाल्याला फोन करतो, सेल्सवाला मॅनेजरला करतो, मॅनेजर नॉकला. नॉकमधला मुलगा भिंतीकडे बघतो आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगतो, "सगळं हिरवं आहे, सर."

तो खोटं बोलत नसतो. हिरव्या चौकोनाचा अर्थ इतकाच, की जे विचारलं त्याचं उत्तर बरं आलं. सर्व्हर जिवंत आहे का? आहे. मेमरी? भरपूर. सीपीयू? बावीस टक्के, अगदी निवांत. डीलरचं इन्व्हॉइस निघतंय का, हे कुणी विचारलेलंच नसतं. आणि सीपीयू एवढा निवांत असण्याचं कारणच मुळी हे असतं, की नागपूरचं इन्व्हॉइस त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये.

करारात मात्र ९९.९९ टक्के लिहिलेलं असतं. वर्षाकाठी साधारण ५२ मिनिटं बंद पडायची मुभा. काही शूर लोक ९९.९९९ लिहून देतात. मग वर्षाला सव्वापाच मिनिटं उरतात. सव्वापाच मिनिटं तर "सगळे जॉइन झाले का?" यातच जातात.

बरं, हे आपल्याकडेच होतं असं समजून कुणी ओशाळायचं कारण नाही. ज्यांच्या ढगावर आपण सगळे बसलोय त्यांचीही हीच कथा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या एस-थ्री या साठवण सेवेत बिलिंगचं काम जरा हळू चाललं होतं, म्हणून एकजण थोडे सर्व्हर बाजूला काढायला बसला. कमांड देताना जरा चूक झाली, नको तितके सर्व्हर निघाले आणि अमेरिकेतल्या असंख्य साइट सुमारे चार तास आजारी पडल्या. आता अशा वेळी लोक काय करतात? अ‍ॅमेझॉनचं अधिकृत स्टेटस पान उघडतात. त्या पानावर सेवांपुढे हिरव्या खुणा डौलात उभ्या होत्या. त्या बदलायच्या तर पानाची व्यवस्थापकीय यंत्रणा लागणार, आणि ती यंत्रणा एस-थ्रीवर अवलंबून. शेवटी ट्विटरवरून जगाला कळवावं लागलं, की बाबांनो, आम्ही पडलोय.

यातून शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउडमध्ये एका धोरणाच्या नोंदीत काही रकाने रिकामे राहिले, ते वाचताना प्रत्येक विनंती तपासणारी यंत्रणा जगभर कोसळली, आणि 'आम्ही कोसळलोय' ही पहिली अधिकृत सूचना यायला जवळपास तास लागला. सूचना देणारं पानही त्याच बिघाडात कोसळलं होतं.

क्लाउडफ्लेअरवाले या बाबतीत खरंच हुशार. त्यांनी स्वतःचं स्टेटस पान स्वतःच्या जाळ्याच्या पूर्ण बाहेर, परक्या ठिकाणी ठेवलंय. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांच्याकडे बॉट ओळखण्यासाठी लागणारी एक फाइल अचानक दुप्पट फुगली, सॉफ्टवेअरनं ठरवलेल्या मर्यादेत ती बसेना, आणि जगातला मोठा भाग चुकांची पानं बघत बसला. ती फाइल दर पाच मिनिटांनी नव्यानं तयार व्हायची. कधी बरी निघायची, कधी बिघडलेली. त्यामुळे नेटवर्क मरे, पुन्हा उठे, पुन्हा मरे. आणि नेमकं त्याच वेळी ते परक्या ठिकाणचं स्टेटस पानही बंद पडलं! निव्वळ योगायोगानं. काहीएक संबंध नसताना. इंजिनिअर मंडळींना काही काळ खात्रीच वाटू लागली, की कुणीतरी ठरवून हल्ला केलाय. साहजिक आहे. या धंद्यात योगायोगावर विश्वास ठेवणारा माणूस फार टिकत नाही. साइट बंद पडल्याच्या तक्रारी जिथं नोंदवतात ती डाउनडिटेक्टरसुद्धा त्या दिवशी अनेकांना उघडेना, तीही क्लाउडफ्लेअरच्याच आडोशाला असल्यामुळे.

पण बिघाडाचा खरा रंग बघायचा तर ब्रिज कॉलवर यावं. गंभीर बिघाड झाला की एक मीटिंग उघडतात आणि ती प्रश्न सुटेपर्यंत बंद करायची नाही असा दंडक असतो. तिची लिंक कशी कोण जाणे, ज्यांचा संबंध नाही अशांपर्यंत आधी पोचते. पहिली दहा मिनिटं "हॅलो, अ‍ॅम आय ऑडिबल?" ला जातात. मग कुणीतरी सविस्तर सांगायला लागतो आणि ते संपता संपता नवीन माणूस येतो: "सॉरी, आत्ताच जॉइन झालो, एकदा क्विकली रीकॅप मिळेल का?" रीकॅप पुन्हा सुरू. मध्येच कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, आणि म्यूट करायला विसरलेला आवाज म्हणतो, "आई, तीन झाल्या गं, बंद कर." बावन्न माणसांना कळतं की डाळ शिजली. त्या तासाभरात कॉलवर मिळालेली ती एकमेव निश्चित माहिती असते.

प्रत्येक टीम येताना आपापलं निर्दोषत्व खिशात घालूनच येते. "अ‍ॅप्लिकेशन साइडनं सगळं ओके आहे." "डेटाबेस हेल्दी आहे, हा बघा स्क्रीनशॉट." "फायरवॉलमध्ये आम्ही काहीच बदललेलं नाही." हे शेवटचं वाक्य सिक्युरिटीवाले कुणी काही विचारायच्या आधीच म्हणतात. आता राहिलं कोण? नेटवर्क. जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी यासाठी एक मोजमापच काढलंय, 'मीन टाइम टू इनोसन्स'. बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ लागला हे मोजायचं काम मॅनेजमेंटचं. तो आपल्यामुळे झाला नाही हे सिद्ध करायला किती वेळ लागला, हे नेटवर्कवाल्याचं.

मग कुणीतरी विचारतं, "पिंग होतंय का?"

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस या अमेरिकी माणसानं १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. कल्पना साधी: पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागली ते मोजायचं. गेली चाळीसेक वर्षं पृथ्वीतलावरचा प्रत्येक मॅनेजर हा एकच प्रश्न आत्मविश्वासानं विचारत आलाय. क्लाउडमध्ये गंमत अशी, की सर्व्हरभोवतीचे नियम बहुधा बाहेरच्या हाकेला दाद देऊ नका असेच लावलेले असतात. म्हणजे पिंग होत नाही तरी सर्व्हर ठणठणीत असू शकतो. उलट पिंग झकास होत असताना त्यावरचा अ‍ॅप्लिकेशन कधीच गतप्राण झालेला असू शकतो. थोडक्यात उत्तर 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, कळत काहीच नाही. तरी विचारतात. न विचारून सांगतात कुणाला!

पिंगनंतर ट्रेसराउट. वाटेत कुठकुठले राउटर लागतात त्याची यादी येते आणि मधल्या काही ओळींत नुसते तारे असतात.

"हे स्टार्स का येतायत?" मॅनेजर.

"सर, मधले राउटर उत्तर देत नाहीत. पण ट्रॅफिक पुढे पाठवतात."

"उत्तर देत नाहीत म्हणजे तिथंच प्रॉब्लेम आहे ना?"

"नाही सर, त्यापुढचे हॉप दिसतायत बघा."

"तरी एकदा त्यांना मेल टाका ना."

कुणाला टाकायचा? तो राउटर मार्सेच्या एखाद्या इमारतीत, कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीच्या कपाटात असतो. पण "टाकतो सर" म्हणायचं असतं.

एकदा का मिलिसेकंदांवर नजर गेली, की दुसरं प्रकरण उभं राहतं. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ अंतर मोजलं तरी १३,००० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, आणि केबल सरळ रेषेत थोडीच जातात. प्रत्यक्षात २०० च्या घरात आकडा येतो. हे सगळं नीट समजावून सांगितल्यावर कॉलवर दोन क्षण शांतता पसरते आणि कुणीतरी आशेनं विचारतं, "आणि समजा आपण चार कोअर वाढवले तर?"

पण माझ्या मते या सगळ्या रोगांत सर्वांत खवचट रोग म्हणजे 'थोडं चालतं'. पूर्ण बंद पडलेलं नेटवर्क बरं, त्याचा निदान ठावठिकाणा लागतो. युजर म्हणतो, लॉगिन होतं, मेनू उघडतो, छोटी नोंद सेव्ह होते. मासिक रिपोर्ट मागवला की मात्र चक्र फिरत राहतं. रिपोर्टवाले म्हणतात, आमच्या लॅपटॉपवर उघडतो. म्हणजे युजर खोटारडा. युजर बिचारा व्हिडिओ काढून पाठवतो. कारण बहुतेक वेळा असं: नेटवर्कवरचं नेहमीचं पॅकेट १,५०० बाइटपर्यंतचं. ऑफिस आणि क्लाउड यांच्यामध्ये व्हीपीएनचा बोगदा असला, की बोगदा प्रत्येक पॅकेटवर आपली काही बाइटची वेष्टणं चढवतो आणि भरलेलं पॅकेट आत मावेनासं होतं. अशा वेळी राउटरनं मागं निरोप पाठवायचा असतो, 'मोठं आहे, लहान करून पाठव.' तो पाठवतोही. पण तो निरोप पिंगच्याच जातकुळीतला, आयसीएमपी नावाचा, आणि कुणीतरी कधीतरी सुरक्षेच्या दृष्टीनं ते सगळं सरसकट बंद करून ठेवलेलं असतं. निरोप पोचत नाही. पाठवणारा तेच भलं मोठं पॅकेट पुन्हा पाठवतो. पुन्हा. पुन्हा. लॉगिन चिमुकलं म्हणून सुटतं, रिपोर्ट धष्टपुष्ट म्हणून अडकतो. भिंतीवरचा हिरवा चौकोन अर्थातच लहान पॅकेट पाठवून तपासणी करत असतो, त्यामुळे तो प्रसन्न.

हे शोधायला लागणारा वेळ आणि मॅनेजरला हवा असलेला ईटीए यांचा मेळ कधी बसत नाही. "मी वर काय सांगू?" हा त्याचा प्रश्न. कुणीतरी दयेपोटी "तीस मिनिटं" म्हणतो. अर्ध्या तासानं तो परत विचारतो, परत तीस मिनिटं मिळतात. मी या कॉलवर कुणालाही 'वीस' म्हणताना ऐकलेलं नाही.

आणि मग मध्येच, कुणाचं काही चाललेलं नसताना, नागपूरहून निरोप येतो की चालू झालं. इन्व्हॉइस निघालं. कॉलवर आनंद व्हायला हवा, पण होते ती घबराट. "काय केलं? कुणी काय केलं?" एकही जण बोलत नाही. मग सिक्युरिटीचा माणूस घसा साफ करून म्हणतो, "आम्ही काहीच केलेलं नाही." दुसऱ्या दिवशी क्लाउडच्या नोंदवहीत दिसतं, की बिघाड सुरू झाला त्या मिनिटाला फायरवॉलचा एक नियम आला होता आणि बिघाड संपला त्या मिनिटाला तो गेला. पुढे नाव असतं एका ऑटोमेशनच्या खात्याचं. त्याला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही.

हा सगळा संसार कॉल लागतो या गृहीतावर उभा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला भारतात रात्री नऊ वाजून गेले होते, तेव्हा फेसबुकमध्ये देखभालीच्या कामात अशी एक कमांड गेली की त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला. घातक कमांड अडवायला एक तपासनीस प्रोग्रॅम होता. नेमका त्यातच दोष. मग नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी पाहिलं की आपल्याला मुख्य डेटा सेंटर दिसत नाही, म्हणजे आपल्यातच काही बिघडलंय, आणि मोठ्या सचोटीनं त्यांनी जगाच्या नकाशावरून स्वतःचे पत्ते काढून घेतले. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळं गडप. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर, म्हणून माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर धाडावं लागलं. आणि ती ठिकाणं कुणाला सहज आत शिरता येऊ नये, शिरलंच तर काही बदलता येऊ नये, अशी बांधलेली. ती बांधणी त्या दिवशी उत्तम चालली. सहाएक तास गेले. इकडे घरोघरी लोक राउटर बंद-चालू करत होते आणि सोसायटीचा पाण्याचा टँकर आला का, हे खाली उतरून प्रत्यक्ष विचारत होते.

कॅनडात त्याच्या पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ ला, रॉजर्स या कंपनीचं देशभरचं नेटवर्क झोपलं. दुरुस्त करणाऱ्यांनी एकमेकांना फोन करायचे, तर त्यांचेही फोन रॉजर्सचेच. काही बोलायलाच नको. म्हणजे बोलताच येईना.

या प्रकारातला माझा आवडता बिघाड मात्र दिवाळीतला आहे. २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी. पहाटेचं अभ्यंगस्नान, फराळ, सगळं यथासांग झालेलं, ड्यूटीवरचे चकल्यांचा डबा उघडून बसलेले. आणि दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी, म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये आदल्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या जरा आधी, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डायनॅमो-डीबी या डेटाबेस सेवेचा पत्ताच नाहीसा झाला. सेवा जागेवर, पत्ता गायब. त्या पत्त्यांची देखभाल करणारे एकासारखे एक स्वयंचलित प्रोग्रॅम होते. त्यातला एक रेंगाळला, दुसरा तडफदार. समजा घरावर नावाची पाटी लावायचं काम दोन भावांकडे आहे. धाकट्यानं झटपट नवी पाटी ठोकली. थोरला कुठंतरी अडकला होता, तो उशिरा उगवला आणि हातातली जुनी पाटी नव्या पाटीच्या जागी लावून गेला. तेवढ्यात धाकट्यानं साफसफाई काढली, 'जुन्या पाट्या सगळ्या टाकून द्या' म्हणत तीही उतरवली. दोघंही कामसू, कुणी चुकलं असं म्हणता येत नाही, आणि दारावर पाटी नाही. अखेर माणसांनी हातानं ती परत लावली, तोवर दुपारचे तीन वाजत आले होते.

पण एवढ्यानं संपलं असतं तर तो माझा आवडता बिघाड झाला नसता. पुढे नवे सर्व्हर उभे राहायला लागले, पण त्यांच्यापर्यंत नेटवर्कची मांडणी वेळेवर पोचेना. काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरची आरोग्य तपासणी त्यांच्याकडे बघून एकदा म्हणे 'आजारी', पुढच्या फेरीला म्हणे 'बरा', पुन्हा 'आजारी'. आजारी म्हटलेल्याला ती ताबडतोब कामावरून काढी. अशा रीतीनं धडधाकट यंत्रं रजेवर जाऊ लागली आणि उरलेल्यांवर बोजा वाढला. शेवटी आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेल्यावर इंजिनिअर मंडळींनी त्या तपासणीचं 'आजारी दिसला की काढ' हे स्वयंचलित काम बंद केलं, आणि रोग्याला उतार पडू लागला! देखरेख थोडी कमी केल्यावर सुधारणा झाली, हे वाचून अनेक कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. सगळं सुरळीत व्हायला आपल्याकडे पहाटेचे पावणेतीन-तीन वाजले. मधल्या काळात अमेरिकेत इंटरनेटला जोडलेल्या काही महागड्या गाद्या गरमच राहिल्या, काहींची डोक्याकडची बाजू वर गेली ती खाली येईना. गादीला क्लाउड कशाला हवा, हे मला विचारू नका.

बिघाड आटोपला की अहवाल. आरसीए म्हणतात त्याला. हल्ली तो 'दोषारोपविरहित' असावा लागतो, म्हणजे माणसाचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे कर्मणी प्रयोगाचा इतका सढळ वापर दहावीच्या पेपरनंतर इथंच आढळतो: नियम लावला गेला, परिणाम लक्षात घेतला गेला नाही, उशीर झाला असल्याचं निदर्शनास आणलं गेलं. पाच वेळा 'का?' विचारायची पद्धत असते. चौथ्या 'का'ला उत्तर बजेटपाशी येऊन पोचतं, म्हणून पाचवा विचारत नाहीत.

शेवटच्या पानावर उपाययोजना असते आणि ती कायम एकच असते: नवा अलर्ट लावणे. असे आधीचे शेकडो अलर्ट लावलेले असतात. त्यांचे मेल रोज येतात आणि येताक्षणी एका फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडतात. फोल्डरचं नाव 'क्रिटिकल', न वाचलेले मेल पाच आकडी. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये तर अलार्मच्या तीन अवस्था आहेत: ठीक, धोका, आणि 'पुरेशी माहिती नाही'. तिसऱ्या अवस्थेचाही कुणी मेल लावून ठेवलेला असतो, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही हेही रात्री दोन वाजता उठवून सांगितलं जातं. यावेळच्या बैठकीत ठरलं, की अलर्ट येतायत की नाही हे बघणारा एक अलर्ट हवा. एकमतानं मंजूर. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली, आणि जो त्या दिवशी लग्नाला कोल्हापूरला गेला होता त्याचं नाव टाकलं.